वास येतो आणि वास लागतो

मराठीत वास दोन तऱ्हांनी सांगतात. मोगऱ्याचा वास येतो. लोण्याला कांद्याचा वास लागतो. 'येतो' म्हणताना वास ज्याचा त्याच्याकडेच असतो, आपण फक्त त्याच्या वाटेत उभे असतो. 'लागतो' म्हणताना एकाचा वास दुसऱ्याच्या अंगी मुरलेला असतो आणि तो आता नक्की कोणाचा, हे सांगणे अवघड होऊन बसते. फ्रिजमध्ये उघड्या राहिलेल्या लोण्याला कांद्याचा वास मारू लागला तर चूक कांद्याची की लोण्याची? घरात या खटल्याचा निकाल 'झाकण कोणी लावले नाही' एवढ्यावर लागतो आणि व्यवहाराला तो पुरतो. भारतीय दर्शनांना मात्र तो पुरला नाही. केलेले कर्म, भोगलेले सुख, ऐकलेला शब्द संपून गेल्यावर माणसात काय उरते, हे सांगायला त्यांनी जो शब्द उचलला तो याच 'वास लागण्या'चा आहे. तो शब्द म्हणजे वासना.

आज हा शब्द पार बिघडला आहे. वर्तमानपत्रात तो 'वासनांध' होऊन गुन्ह्याच्या बातमीत येतो. एरवी तो दहाव्याच्या दिवशी घाटावर ऐकू येतो: कावळा पिंडाला शिवत नाही, ऊन चढत जाते, आणि कोणीतरी हळूच म्हणते, काहीतरी वासना राहिली असेल. एकीकडे लाज, दुसरीकडे अडकलेपण. मूळचा अर्थ यांपैकी कोणताच नाही. वासना म्हणजे वासित करणे, एका पदार्थाचा वास दुसऱ्याला लावणे. तिळाला फूल लावले म्हणजे तिळाची वासना झाली. (याच शब्दाच्या मुळाशी 'राहणे' या अर्थाचा धातूही सांगतात आणि तो अर्थही इथे चपखल बसतो, लागलेला वास वस्तीलाच आलेला असतो.) हा शब्द पुन्हा तेलाच्या भांड्यात नेऊन ठेवावा, असे मला वाटते. तसे केले की दिसते, की वासना हा डाग नाही, ती घेण्याच्या शक्तीची खूण आहे. ज्याला काहीच लागत नाही ते निर्मळ असते असे नाही, बहुधा तो दगड असतो. आणि वासनेचा क्षय हे ज्यांनी ध्येय मानले, त्यांनाही हे आतून ठाऊक होते.

आधी तेल कसे वासित होते ते पाहू. स्वयंपाकघरातली रीत आणि अत्तरवाल्यांची रीत यांत मोठा फरक आहे. घरी आपण तेल घेतो आणि त्यात लसूण, कढीपत्ता, सुकी मिरची किंवा कोकणात तिरफळ सोडतो. फुलेलाची, म्हणजे फुलांच्या वासाच्या तेलाची, जुनी रीत उलटी: तिथे आधी तेल नसतेच. तीळ पसरायचे, त्यांवर चमेलीच्या किंवा मोगऱ्याच्या ताज्या फुलांचा थर द्यायचा, वर पुन्हा तीळ, पुन्हा फुले. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुले वेचून काढायची आणि नवी घालायची, कारण कुजायला लागलेल्या फुलाचा वासही तीळ तितक्याच निमूटपणे घेतो. असे कित्येक दिवस चालल्यावर तीळ घाण्यात घालतात आणि निघणारे तेल फुलाच्या वासाचे असते, जरी त्या घाण्यात एकही फूल गेलेले नसते. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधयुक्तीवर अख्खा अध्याय लिहिला. उन्हात तापवून चाफ्याच्या वासाचे तेल करण्याची कृती त्यात आहे आणि तिच्यातली सामग्री मंजिष्ठा, व्याघ्रनख अशी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि 'गंधवाद' नावाचा निनावी ग्रंथ अभ्यासकांपुढे आणला. 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. पुढे 1989 मध्ये दोन्ही ग्रंथ बडोद्याहून एकत्र छापले गेले. गंधसारात सुगंधी द्रव्ये करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. या यादीतले दोन-तीन शब्द कोणत्याही दर्शनग्रंथात तसेच्या तसे भेटतात. गांध्याच्या, म्हणजे अत्तरवाल्याच्या दुकानातले शब्द आचार्यांच्या मठात गेले की मठातले दुकानात आले, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण दोघांचे बोलणे एकमेकांना कळत असणार हे नक्की.

इथे एक आक्षेप लगेच येईल: दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे. तेलाचे तेलापाशी, मनाचे मनापाशी. बरोबर आहे, पण भारतीय तर्कशास्त्रात उदाहरण हे सजावटीला नसते, ते अनुमानाच्या पाच अवयवांपैकी एक असते, आणि उदाहरण फसले तर अनुमान पडते. म्हणून उदाहरणच तपासायला घेणे हा पोरखेळ ठरत नाही. ज्यांनी मनाचा सिद्धान्त तिळावर उभा केला, त्यांचा तीळ खरा आहे की नाही हे पाहण्याचा हक्क आपल्याला आहे.

पहिली अडचण वैशेषिक दार्शनिकांनी दाखवली. गुण द्रव्याला सोडून कुठेही जात नाही, हा त्यांचा कणा. पांढरेपणा कापडातून उठून भिंतीवर जाऊन बसत नाही. मग फुलाचा गंध हा गुण तिळात जातो कसा? 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असे आपण सहज म्हणतो, पण वैशेषिकाला ही म्हण कशी पचावी? बैलाचा रंग जात नाही आणि खोड मात्र जाते, हा पक्षपात कशासाठी? त्यांचे उत्तर असे, की गंध एकटा जात नाही. फुलाचे सूक्ष्म अवयव वाऱ्याबरोबर निघतात आणि गंध त्यांच्या पाठीवर बसून येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच वाद आत्म्याच्या निमित्ताने उभा राहिला आहे. आत्मा अणुएवढा मानणारा पक्ष म्हणतो: फूल एका ठिकाणी असूनही त्याचा गंध दूर पसरतो, तसे चैतन्य आत्म्याबाहेर साऱ्या देहात पसरते; आणि फुलाचे कण जातात म्हणावे, तर फूल झिजताना दिसत नाही. शंकराचार्य हे मानत नाहीत: आश्रय सोडून गेला तर तो गुणच राहणार नाही, गंधही आपला आश्रय घेऊनच हिंडतो.

रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिले तर आचार्यांचे पारडे जड आहे. वास म्हणजे उडणारे रेणू, आणि ते खरेच फुलातून निघून येतात. पण प्रतिपक्षाच्या शंकेतही जीव होता. मोगरा, चमेली ही फुले तोडल्यावरही काही तास गंध तयार करीत राहतात. फूल झिजताना दिसत नाही, कारण ते नुसते देत नसते, घडवीतही असते. म्हणूनच थरावर थर देण्याची रीत अशा फुलांना मानवते.

लसणापाशी तर हा सगळा वाद वेगळेच वळण घेतो. न सोललेली, न ठेचलेली लसणाची पाकळी नाकाशी धरली तर फारसा वास येत नाही. पाकळीत ॲलिइन नावाचे द्रव्य एका कप्प्यात आणि ते मोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. बत्त्याचा पहिला घाव बसतो तेव्हा भिंती फुटतात, दोघे भेटतात आणि ॲलिसिन जन्माला येते. नाकात चढतो तो त्याच्या गोतावळ्याचा दर्प. तेच ॲलिसिन तेलात पडले की तिथेही टिकत नाही, त्याचे डायथाइन आणि अजोईन अशा नावांचे पदार्थ होतात. म्हणजे तेलाला जो लसणाचा वास लागला तो पाकळीत नव्हता, ठेचलेल्या लसणात होता तोही नाही; तो तेलात घडला. मंद आचेवरच्या छोट्या कढईकडे नीट पाहा. पाकळीभोवती बारीक बुडबुड्यांची झालर असते. ती लसणातल्या पाण्याची वाफ. झालर विरळ होत जाते, आवाज खाली येतो, कडा पिवळसर होतात आणि वासाचा कच्चा तिखटपणा जाऊन तो गोडावतो. आणखी अर्धा मिनिट दुर्लक्ष झाले की तोच वास कडू. वैशेषिकांनी उष्णतेने द्रव्यात नवे गुण उपजतात याला 'पाकज' म्हटले, आणि पाक परमाणूंचा होतो की अख्ख्या घटाचा यावर त्यांचे आणि नैयायिकांचे पिढ्यानपिढ्या वाजले. ते भांडण आता जुने झाले, पण त्यांनी ओळखलेली गोष्ट जुनी झालेली नाही: लागलेला वास ही उचलून आणलेली वस्तू नसते, दोघांच्या भेटीत झालेला पाक असतो.

माणसाकडे वळले की याचे वजन कळते. संस्कार म्हणजे शिक्का, बाहेरून ठोकला की उमटला, अशी कल्पना आपल्या बोलण्यात खोल रुतली आहे. 'चांगले संस्कार केले' असे आपण कणकेला मीठ लावल्यासारखे म्हणतो. तेल सांगते, की असे होत नसते. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या शेवटच्या प्रकरणात महाळुंगाचे उदाहरण दिले आहे: महाळुंगाच्या फुलाला लाखेच्या रसाचा रंग दिला तर पुढे फळाचा गर लाल निघतो. वनस्पतिशास्त्र यावर हसेल आणि हसावेच. पण त्याला सांगायचे होते ते नेमके हे, की रंग फुलावरून उचलून गरात नेऊन ठेवलेला नसतो; मधली सारी वाढ त्या रंगाला धरून बदलत गेलेली असते. एकाच घरात, एकाच धाकात वाढलेल्या दोन भावंडांपैकी एक शिस्तीचे निघते आणि दुसरे शिस्तीच्या नावाने बोटे मोडते. आचही तीच, लसूणही तोच, तेले निराळी.

योगाचार बौद्धांनी तेलाकडे सर्वांत बारकाईने पाहिले, असे माझे मत आहे. असंगाने चौथ्या शतकाच्या आसपास महायानसंग्रहात, वासना कोणाला लागू शकते याच्या चार अटी घातल्या. ते टिकाऊ हवे. ते अव्याकृत, म्हणजे स्वतःचा जबर पक्ष नसलेले हवे. ते वास घेण्याजोगे हवे. आणि वास देणाऱ्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध हवा. दुसरी अट समजावताना टीकाकार लसणाचे नाव घेतात: लसणाला दुसरा वास लागत नाही, कारण त्याला आपलाच दर्प पुरून उरलेला असतो. तिसऱ्या अटीसाठी दगड आहे. या चारही अटी स्वयंपाकघरात उतरवून पाहाव्यात. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल घेतले तर कढीपत्त्याला आधी शेंगदाण्याशी वाद घालावा लागतो. रिफाइंड तेल घेतले तर ते कोणाचेही होते. पाणी टिकते, तटस्थही असते, पण वासाचे बहुतेक रेणू त्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून लसणाचे पाणी लसणाच्या तेलाची बरोबरी करीत नाही. तेलाला संस्कृतात स्नेह म्हणतात आणि मायेलाही स्नेहच म्हणतात. हा योगायोग आहे असे मला कधी वाटले नाही; दोन्ही ठिकाणी दुसऱ्याला आत विरघळू देणे हाच धर्म आहे. ज्याला आपण 'त्याच्यावर कशाचाच परिणाम होत नाही' असे कौतुकाने म्हणतो, तो असंगाच्या यादीत स्थितप्रज्ञाजवळ बसेल की लसणाजवळ की दगडाजवळ, हे विचारायला हवे. तिघेही लांबून सारखेच दिसतात.

या मांडणीवर सर्वांत धारदार वार मीमांसक कुमारिल भट्टाने केला. सातव्या शतकात श्लोकवार्तिकात त्याने बौद्धांना त्यांच्याच उदाहरणात पकडले. वास लावायला फूल आणि तीळ दोघे एकाच वेळी हजर हवेत, काही काळ एकमेकांपाशी हवेत. तुम्ही तर म्हणता सारे क्षणिक. आधीचे ज्ञान नंतरचे ज्ञान उपजण्यापूर्वीच विझले, मग कोण कोणाला वास लावणार? विझलेले फूल, न उपजलेला तीळ. कुमारिलाच्या मते यातून सुटायचे तर स्थिर आत्मा मानावाच लागेल. आक्षेप इतका नेटका आहे, की असंगाच्या 'टिकाऊ' आणि 'संबद्ध' या दोन अटी अशाच शंकांना आधीच दिलेले उत्तर वाटाव्यात. पण मला वाटते, तेल कुमारिलालाही पूर्ण साथ देत नाही. बाटलीतले तेल कुमारिलाच्या आत्म्यासारखे नित्य नसते. ते रोज थोडे हवेशी जुळते, थोडे खवट होत जाते; उन्हात ठेवले तर लवकर, अंधारात ठेवले तर सावकाश. तरी त्याला वास लागतो आणि तो राहतो. कारण वास लागायला तेल अमर असावे लागत नाही, फुलापेक्षा सावकाश बदलणारे असले की पुरते. फूल एका रात्रीत जाते, तेल महिन्यांनी. माणसाचा राग क्षणात जातो, स्वभाव वर्षांनी. या दोन वेगांमधल्या फरकात वासनेला जागा मिळते, आणि त्यासाठी स्थिर आत्मा मानावाच लागतो असे नाही, सारे क्षणभंगुर म्हणून थांबताही येत नाही.

वेदान्ती म्हणेल, या सगळ्या खटाटोपात तुम्ही भांड्यालाच 'मी' समजलात. वास लागतो तो मनाला; आत्मा निःसंग, त्याला काहीच लागत नाही. ज्ञानी माणसाचे काम तेल सुगंधी करणे नव्हे, मी तेल नाही हे ओळखणे. हा आक्षेप वरच्या मजल्यावरून येतो, म्हणून त्याला खालून दगड मारण्यात अर्थ नाही. पण वेदान्त्यांच्याच घरात एक गोष्ट अडली होती. ज्ञानाने अविद्या गेली, तर देह लगेच का पडत नाही? जीवन्मुक्त जेवतो, चालतो, शिष्याला हाक मारतो, ते कशाच्या जोरावर? अप्पय्य दीक्षितांनी सोळाव्या शतकात सिद्धान्तलेशसंग्रहात जी निरनिराळी उत्तरे नोंदवली, त्यांतले एक सरळ स्वयंपाकघरातून आले आहे: लसणाचे भांडे धुतले तरी त्यात लसणाचा वास मागे राहतो, तसा अविद्येचा संस्कार राहतो. म्हणजे मुक्ताच्या भांड्यालाही वास असतो, फक्त त्यात पाकळी नसते. त्याआधी चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी जीवन्मुक्तिविवेकात वासनाक्षयावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि तिथेही पहिली पायरी खरवडून काढण्याची नाही. वासना शुद्ध आणि मलिन अशा दोन. मलिन घालवायला मैत्री, करुणा यांच्या वासना आधी लावून घ्यायच्या. वासाला वासच उतारा. बिनवासाचे होण्याची वाटसुद्धा वास लावून घेण्यातून जाते, हे वासनाक्षयाचा पुरस्कर्ताच सांगतो, तेव्हा माझे काम बरेच हलके होते.

पूर्ण गंधहीन तेल कारखान्यात खरोखर करतात. आम्ल काढतात, माती वापरून रंग काढतात, मग निर्वात टाकीत 200 अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. वासाचे जे काही असेल ते वाफेबरोबर निघून जाते. हे तेल बाटलीत भरले की काचेसारखे दिसते. पण सोयाबीन तेलाची एक खोड या धंद्यातल्या लोकांना चांगली माहीत आहे: काही काळ ठेवले, थोडा उजेड लागला, की त्याला आपोआप गवतासारखा, कच्च्या शेंगेसारखा वास परत येऊ लागतो. वास काढला होता, वास उपजवणारी घडण तेलात तशीच होती. वासना जबरीने धुऊन काढण्याच्या साधनांची फजिती का होते, याचे याहून समर्पक उदाहरण मला सापडलेले नाही.

आता मला माझ्याच म्हणण्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा मांडला पाहिजे. घरच्या लसूण तेलाची एक बाजू पाककृतींत बहुधा येत नाही. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहात खाल्लेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना बोट्युलिझम झाला. 1989 साली न्यूयॉर्क राज्यात आणखी तिघांना. त्यानंतर अमेरिकेत विक्रीसाठीच्या अशा मिश्रणात आम्ल घालणे सक्तीचे झाले. कारण सोपे आहे. मातीतल्या एका जंतूचे बीजाणू लसणाच्या अंगावर असू शकतात. हवेत ते झोपलेले राहतात. ताजी पाकळी तेलात बुडवली की हवा तुटते, पाकळीत ओल असते, आंबटपणा नसतो, बाटली ओट्यावर ऊबेत असते. बीजाणू जागे होतात आणि विष तयार होते. उकळत्या पाण्याइतक्या, 100 अंशांच्या उष्णतेने बीजाणू मरत नाहीत. त्याला दाबाखाली 121 अंश लागतात. आणि विषाला वास नसतो, चव नसते, तेलाचा रंगही बदलत नाही. म्हणून ताज्या लसणाचे घरी केलेले तेल फ्रिजमध्येच ठेवून चार दिवसांत संपवावे किंवा सरळ गोठवावे, असे अन्नसुरक्षेचे तज्ज्ञ सांगतात. नुसते गाळून घेतले म्हणजे भागले, असे समजू नये.

वासनेच्या साऱ्या चर्चेत ही शक्यता माझ्या मांडणीला अडवते. मी म्हणालो, घेण्याची शक्ती हा तेलाचा सद्गुण. पण हवा अडवून धरणारी, आत आले ते जपणारी हीच शक्ती बीजाणूचे घर होते. तेलाने काही वाईट केले नाही, ते फक्त मिठी मारून बसले. माणसाच्या मनातल्या ज्या गोष्टींना वास येतो, चिडचिड, हाव, मत्सर, त्या निदान कळतात. घरचेही नाक मुरडतात. खरी धास्ती बिनवासाच्या वासनेची: जिला आपण तत्त्व समजतो, निष्ठा समजतो, घराण्याची रीत समजतो, आणि जी आत कुठेतरी बंद हवेत फुगत असते. संवेदनशील म्हणवणाऱ्या माणसांत ती जास्त सापडते, कारण ती जास्त जपतात.

यावर योगदर्शनाने जे सांगितले ते अन्नरक्षणाच्या पुस्तकात छापता येईल. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात भाजलेल्या बीजाची उपमा आहे: जळलेले बी दिसायला बीच असते, पण रुजत नाही. ही शेवटची अवस्था, दाबाखालचे 121 अंश. ती रोजच्या चुलीवर गाठता येत नाही. पण पतंजलीने चौथ्या पादात आणखी एक व्यवहारी सूत्र दिले आहे: वासना हेतू, फल, आश्रय आणि आलंबन या चारांनी धरून ठेवलेल्या असतात, ही चार नसली की त्याही नसतात. बीजाणू मारता येत नसेल तर त्याची ओल काढा, त्याला थंडीत ठेवा, आंबटपणा द्या, हवा तोडू नका. सुकी मिरची घातलेले तेल ताज्या लसणाच्या तेलापेक्षा कमी धोक्याचे, ते मिरची पवित्र म्हणून नव्हे, तिच्यात पाणी नाही म्हणून. साधकाला 'बी काढून टाक' म्हणणारे खूप भेटतात. 'बी राहू दे, ओल कुठून येते ते बघ' म्हणणारा विरळा. त्यामुळे माझे म्हणणे मागे घ्यावे लागत नाही, पण त्याला एक अट जोडावी लागते. घेण्याची शक्ती चांगली, तिच्याबरोबर उघडण्याची सवय हवी. फुलेलवाला रोज सकाळी थर उचकटून जुनी फुले काढतो, ती ही सवय.

राहता राहिला जबाबदारीचा प्रश्न. तेल तेल आहे, फूल वेचणारा कोणी दुसरा आहे. माणसात तो दुसरा कोण? मनच तेल आणि मनच गांधी असेल, तर वाईट वास लागलेल्या मनाने आपल्यासाठी चांगली फुले निवडावीत तरी कशी? इथे उपमा मोडते, आणि मोडते ते मी लपवत नाही. योगाचार म्हणतात, प्रवाह स्वतःलाच वास लावत जातो; गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीव इंद्रियांना घेऊन निघतो तो फुलांच्या ठायीचा गंध वाऱ्याने न्यावा तसा, आणि तिथे वारा कोणाला विचारून वाहत नाही. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोन्ही माणसाला एकटा धरून चालतात. असंगाची चौथी अट होती संबंधाची. तीळ आपण होऊन फुलापाशी जात नाही, पण त्याला नेऊन ठेवणारे हात असतात, त्या हातांना कोणीतरी शिकवलेले असते, आणि फुलाचे झाडही कोणाच्या तरी परसात लावलेले असते. वास एका बाटलीत बंद असतो हा आपला समज. तो माणसांच्या मधल्या हवेत असतो.

घाटावर हे अजून पाहायला मिळते. पिंड मांडलेले, भात सुकायला लागलेला, कावळे समोरच्या फांदीवर आणि एकही खाली उतरत नाही. गुरुजी घड्याळ बघतात. आणखी थोडा वेळ, मग दर्भाचा कावळा करून शिवायचा. तेवढ्यात नातेवाइकांतले कोणीतरी पुढे होते आणि जो आता तेल नाही, भांडे नाही, त्याला उद्देशून मोठ्याने म्हणते: धाकटीच्या शिक्षणाचे आम्ही बघू, घराचा हप्ताही आम्हीच भरू, तुम्ही काळजी करू नका. कावळा उतरतो की नाही हे त्या कावळ्यावर असते. पण ते बोलणाऱ्याला त्या क्षणी काहीतरी लागलेले असते, आणि घरी परतताना ते त्याच्याबरोबर येते.